चंद्रावरचे दिवे आणि आपली विवेकबुद्धी

बौद्ध समाजाचे वर्ष पौर्णिमांनी बांधलेले आहे. वैशाख पौर्णिमेस भगवान बुद्धांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटनांचे स्मरण आपण करतो. आषाढ पौर्णिमेस वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेस तो संपतो. आपल्या आश्रमशाळेतही पौर्णिमेच्या सायंकाळी सामुदायिक वंदना होते. ती आटोपून अंगणात बसलेल्या मुलामुलींचे डोळे साहजिकच आकाशाकडे जातात. चंद्रावर कधी कधी प्रकाश चमकतो असे म्हणतात, ते खरे काय, हा प्रश्न त्यांच्याकडून आम्हांस अनेकदा विचारला गेला आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ते सविस्तर मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रश्न खगोलशास्त्राचा आहे आणि आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरीही हा विषय आम्ही हाती घेतला, कारण यात साक्षी-पुराव्याचा विचार आहे आणि तो इतिहासाचाही गाभा आहे. शिवाय चंद्राविषयीच्या एका चुकीच्या स्पष्टीकरणाची किंमत आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या मोजली आहे. आधी त्याविषयी.

ग्रहणाचे दान

ग्रहण लागले की महाराष्ट्राच्या गावोगावी "दे दान, सुटे गिराण" अशी हाक उठत असे. राहू-केतू चंद्राला गिळतात, हे राहू-केतू अस्पृश्य जातींचे, म्हणून त्या जातींना दान दिले की चंद्राची सुटका होते, अशी ही समजूत होती. त्यामुळे मांग-महारांच्या वस्तीतील माणसांनी त्या वेळी झोळी घेऊन दारोदार फिरायचे, आणि सवर्णांनी जुने कपडे व धान्य लांबून टाकायचे. चंद्रावर पडलेल्या एका सावलीचे खोटे स्पष्टीकरण आपल्या माणसांच्या हाती झोळी देऊन गेले. आकाशातील घटनेचा अर्थ कोण सांगतो आणि तो कोणाच्या सोयीचा असतो, हा प्रश्न म्हणूनच आपल्यासाठी केवळ शास्त्राचा राहत नाही.

खरे कारण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, असेही नाही. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने चंद्रग्रहण पृथ्वीच्या सावलीमुळे होते हे स्पष्ट लिहिले होते. पुढे इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने राहूचे अस्तित्व नाकारणाऱ्यांना दोष दिला, मात्र ग्रहणाचे गणित स्वतः सावलीच्या आधारेच केले. अकराव्या शतकात अल् बेरुनीने या विसंगतीवर नेमके बोट ठेवले. रूढीविरुद्ध बोलल्याबद्दल सॉक्रेटिसावर जो प्रसंग ओढवला तो टाळण्यासाठीच ब्रह्मगुप्ताने मनाविरुद्ध असे लिहिले असावे, असा तर्कही त्याने केला. ज्ञान ग्रंथात होते, परंतु ते वस्तीपर्यंत पोहोचू दिले गेले नाही.

येथे आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. पाली वाङ्मयातील चंदिम सुत्तात राहूने चंद्राला पकडल्याची आणि बुद्धांच्या शब्दाने सोडल्याची कथा आहे. म्हणजे त्या काळच्या लोकसमजुतीची छाया आपल्याही ग्रंथांवर पडलेली आहे. अशा ठिकाणी काय करावे, याची दिशा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिलेली आहे. जे बुद्धीला व तर्काला धरून आहे तेच बुद्धवचन म्हणून स्वीकारण्यास योग्य, अशी ती कसोटी होय. हीच कसोटी आता चंद्रावरील प्रकाशांना लावून पाहू.

कोणी काय पाहिले?

चंद्रावर अल्पकाळ दिसणारा उजेड, लालसर ठिपका, धूसरपणा किंवा अचानक झालेली चमक, अशा साऱ्या प्रकारांना शास्त्रज्ञ 'क्षणिक चांद्र घटना' या अर्थाचे नाव देतात. त्यांच्या नोंदी शेकडो वर्षांच्या आहेत. अमेरिकेच्या नासा या संस्थेने १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत १५४० ते १९६७ या काळातील ५७९ नोंदी आहेत. विनिफ्रेड कॅमेरॉन या विदुषीने १९७८ मध्ये केलेल्या यादीत त्यांची संख्या १४६८ वर गेली.

यांतील काही साक्षीदार मोठ्या अधिकाराचे आहेत. युरेनस ग्रहाचा शोध लावणारे विल्यम हर्शेल यांनी १९ एप्रिल १७८७ रोजी कोवळ्या चंद्राच्या अंधाऱ्या भागात तीन तांबूस ठिपके पाहिले आणि ते जळते ज्वालामुखी असल्याचे जाहीर केले. ३ नोव्हेंबर १९५८ रोजी रशियन शास्त्रज्ञ निकोलाय कोझिरेव यांनी क्रिमियातील वेधशाळेतून अल्फॉन्सस या विवराच्या प्रकाशाचा वर्णपट घेतला. त्यात कार्बनयुक्त वायूच्या खुणा दिसल्याचे त्यांनी सांगितले. ऑक्टोबर १९६३ मध्ये अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत चंद्राचे नकाशे तयार करणाऱ्या जेम्स ग्रीनेकर आणि एडवर्ड बार यांना अ‍ॅरिस्टार्कस या विवराजवळ लाल ठिपके दिसले. जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ चंद्राभोवती फिरत असताना नील आर्मस्ट्राँग यांनीही याच विवराच्या बाजूचा भाग आसपासच्या प्रदेशापेक्षा उजळ दिसत असल्याचे कळविले होते.

एवढ्या साक्षी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात असे वाटेल. परंतु साक्षीदाराने प्रकाश पाहिला हे एक विधान झाले आणि तो प्रकाश कशाचा होता हे दुसरे. पहिले खरे असूनही दुसरे चुकीचे असू शकते.

पाच स्पष्टीकरणे

पहिले स्पष्टीकरण ज्वालामुखीचे. चंद्रावर एकेकाळी लाव्हारसाचे पूर वाहिले, आणि आपल्याला दिसणारे काळसर डाग म्हणजे तोच थिजलेला लाव्हा होय. पण तो काळ फार जुना. चीनच्या चांग-ई-५ यानाने २०२० मध्ये आणलेला लाव्हाचा खडक तुलनेने तरुण समजला जातो, आणि त्याचेही वय सुमारे २०० कोटी वर्षे भरले. २४ मार्च १९६५ रोजी रेंजर-९ हे यान त्याच अल्फॉन्सस विवरात आदळले. आदळण्यापूर्वी त्याने हजारो छायाचित्रे पाठविली, त्यांत उद्रेक कोठेही नव्हता. चंद्राभोवती २००९ पासून फिरणाऱ्या अमेरिकी यानालाही पेटलेला ज्वालामुखी आढळलेला नाही. हर्शेल यांना जे दिसले त्याचा उलगडा बहुतेक अभ्यासक वेगळा करतात. अमावास्येनंतरच्या दिवसांत चंद्राच्या अंधाऱ्या भागावर पृथ्वीवरून परावर्तित झालेला मंद उजेड पडतो. अ‍ॅरिस्टार्कस हे सुमारे ४० किलोमीटर व्यासाचे विवर चंद्रावरील सर्वांत उजळ ठिकाणांपैकी एक असल्यामुळे त्या मंद उजेडातही ते निखाऱ्यासारखे उठून दिसते.

दुसरे स्पष्टीकरण वायूचे. चंद्राच्या पोटातील वायू भेगांतून बाहेर पडत असावा आणि त्यासोबत धूळ उडून तिच्यावर ऊन चमकत असावे, असे काही शास्त्रज्ञ मानतात. याला आधार आहे. अपोलो-१५ च्या उपकरणांना अ‍ॅरिस्टार्कसवर रेडॉन या किरणोत्सारी वायूचे प्रमाण अधिक आढळले. हा वायू पावणेचार-चार दिवसांत निम्मा नष्ट होतो. त्यामुळे तो सापडला याचा अर्थ तो नुकताच बाहेर पडला असला पाहिजे. आपल्या चांद्रयान-२ वरील उपकरणानेही चंद्राच्या अतिविरळ वातावरणात आर्गॉन वायू टिपला, आणि काही भागांवर तो अधिक असल्याचे दाखविले. चंद्रातून वायू झिरपतो हे त्यामुळे निश्चित झाले. मात्र पृथ्वीवरून दुर्बिणीत दिसावा इतका उजेड त्यातून निर्माण होतो, हे अद्याप सिद्ध व्हायचे आहे. हे स्पष्टीकरण म्हणूनच बाद झालेले नाही आणि मान्यही झालेले नाही.

तिसरे धुळीचे. सूर्यकिरणांमुळे चंद्रावरील धुळीच्या कणांवर विद्युतभार जमतो आणि ते जमिनीपासून किंचित उचलले जातात. १९६६ ते १९६८ या काळात उतरलेल्या सर्व्हेयर यानांनी सूर्यास्तानंतर क्षितिजालगत मंद उजेडाची पट्टी टिपली, ती अशा धुळीमुळे असावी असे मानले जाते. परंतु लाडी या यानाने २०१३-१४ मध्ये वरच्या थरात शोध घेतला, तेव्हा विद्युतभाराने उंच उडालेल्या धुळीचे दाट ढग सापडले नाहीत. जमिनीलगतची धूळ लक्षावधी किलोमीटरवरून दिसणे कठीण. तेव्हा या स्पष्टीकरणाचा आवाका लहान राहतो.

चौथे आघाताचे, आणि येथे मात्र पुरावा भक्कम आहे. चंद्राला वातावरणाचे कवच नाही, त्यामुळे लहानसा दगडही थेट जमिनीवर आदळतो आणि क्षणभर लखलखतो. १८ नोव्हेंबर १९९९ रोजी सिंह राशीतील उल्कावर्षावाच्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणच्या निरीक्षकांनी एकाच क्षणी, चंद्रावरील एकाच जागी अशा चमका चित्रित केल्या. १७ मार्च २०१३ रोजी सुमारे ४० किलो वजनाचा दगड आदळून झालेली चमक नासाच्या दुर्बिणींनी नोंदविली. पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाला नेमक्या त्या जागी १८ मीटर रुंदीचे नवे विवर सापडले. २१ जानेवारी २०१९ च्या खग्रास चंद्रग्रहणात तर ग्रहण पाहणाऱ्या अनेकांच्या कॅमेऱ्यांनी अशी एक चमक टिपली. ग्रीसमधील एका दुर्बिणीने २०१७ पासून शंभराहून अधिक चमका नोंदविल्या आहेत. पण या चमका बहुधा सेकंदाच्या अंशापुरत्या असतात. काही मिनिटे टिकणाऱ्या लाल ठिपक्याचा उलगडा त्यांनी होत नाही.

पाचवे स्पष्टीकरण सर्वांत साधे आणि म्हणूनच अनेकांना न रुचणारे आहे. कारण चंद्रावर नसून आपल्या हवेत, आपल्या दुर्बिणीत आणि आपल्या मनात आहे, असे ते सांगते. चंद्र क्षितिजाजवळ असला की त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून वाकत येतो आणि त्याचे रंग थोडे विलग होतात. उजळ विवराच्या एका कडेस तांबडी व दुसऱ्या कडेस निळसर झालर दिसते. भिंगाच्या दुर्बिणीत रंगदोष असतो, आणि १९६३ मधील लॉवेलची दुर्बीण भिंगाचीच होती. मनाचा भाग तर आणखी सूक्ष्म आहे. नोंदींचा फार मोठा वाटा एकट्या अ‍ॅरिस्टार्कसचा आहे. पण तेथे काही दिसते असे एकदा छापून आले की पुढचा प्रत्येक निरीक्षक प्रथम तेथेच पाहणार. ज्या दारावर पहारा अधिक त्याच दारी चोर अधिक सापडतात, तसा हा प्रकार. २३ एप्रिल १९९४ रोजी हौशी निरीक्षकांनी या विवराजवळ बदल दिसल्याचे कळविले. त्याच काळात क्लेमेंटाइन हे यान चंद्राभोवती फिरत होते. त्याची आधीची व नंतरची छायाचित्रे काळजीपूर्वक ताडून पाहिली असता जमिनीवर बदल झाल्याचे सिद्ध झाले नाही.

साक्ष आणि तिची पडताळणी

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक प्रकरण ११७८ चे आहे. त्या वर्षी १८ जूनच्या संध्याकाळी इंग्लंडमध्ये पाच जणांनी चंद्रकोरीचे वरचे टोक दुभंगून त्यातून ज्वाळा निघताना पाहिल्याचे कँटरबरीचा गर्व्हेज या मठवासी इतिवृत्तकाराने लिहून ठेवले. १९७६ मध्ये जॅक हार्टुंग या शास्त्रज्ञाने सुचविले की जोर्दानो ब्रुनो हे २२ किलोमीटरचे विवर त्याच क्षणी निर्माण झाले असावे. कल्पना आकर्षक होती आणि बरीच वर्षे ती पुस्तकांतून फिरली. २००१ मध्ये पॉल विदर्स यांनी एक साधा प्रश्न विचारला. एवढा प्रचंड आघात झाला असता तर त्यातून उडालेले दगडधोंडे पृथ्वीवर येऊन आठवडाभर उल्कांचा मुसळधार वर्षाव झाला असता. मग चीन, अरबस्तान, जपान, कोरिया येथील आकाशाच्या बारकाईने ठेवलेल्या नोंदींत त्याचा उल्लेख का नाही? पुढे जपानच्या कागुया यानाच्या छायाचित्रांवरून त्या विवराचे वय किमान दहा लाख वर्षे ठरले. मग त्या पाच जणांनी पाहिले काय? कदाचित चंद्राच्या अगदी सरळ रेषेत, पण पृथ्वीच्याच वातावरणात जळणारी एक उल्का. साक्षीदार खोटे ठरत नाहीत. चुकले असेल ते अंतर.

अंधारात दिव्याचे अंतर कळत नाही, याचा एक दाखला आपल्याच मातीतला आहे. १९०१ मध्ये नऊ-दहा वर्षांचे भीमराव भावंडांसह वडिलांकडे जाण्यासाठी साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. ती गाडी आपल्या रहिमतपूरवरूनच पुढे गेली. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची आणि मालकाने शेजारून चालायचे या अटीवर. रात्री मुले घाबरून रडू लागली, तेव्हा गाडीवानाने लांबवर चमकणारा टोलनाक्याचा दिवा दाखविला. मुलांना धीर आला, पण तो दिवा काही केल्या जवळ येईना. तेथे पोहोचायला दोन तास लागले, आणि पोहोचल्यावरही प्यायला पाणी मिळाले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात बाबासाहेबांनी हा प्रवास लिहून ठेवला आहे. दिव्याचे अंतर डोळा ठरवू शकत नाही. ते चालून, मोजून ठरवावे लागते.

अलीकडचे उदाहरण विदर्भातले. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशाच्या काही भागांत आकाशातून जळत्या दिव्यांची रांग सरकताना हजारो लोकांनी पाहिली. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान कोसळले म्हणाले. कोणी त्याच दिवशी न्यूझीलंडहून सुटलेल्या अग्निबाणाकडे बोट दाखविले. त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले सापडले, आणि त्याच तालुक्यात एक धातूचा गोळाही मिळाला. वेळ, मार्ग आणि अवशेष ताडून जोनाथन मॅक्डॉवेल यांच्यासारख्या अभ्यासकांनी सांगितले की तो फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा. प्रकाश सर्वांनी एकच पाहिला, स्पष्टीकरणे मात्र चार झाली. निवाडा झाला तो हाती आलेल्या वस्तूवरून आणि घड्याळातील वेळेवरून. चंद्रावरील लाल ठिपक्यांच्या बाबतीत असे कडे अजून कोणाच्या हाती आलेले नाही. वाद मिटलेला नाही तो त्यामुळे.

मग मानावे काय?

सेकंदभराच्या चमका बहुतांशी आघाताच्या आहेत, हे मानण्यास आता अडचण नाही. जुन्या नोंदींपैकी बऱ्याचशा हवेच्या, भिंगाच्या व अपेक्षेच्या खेळातून आल्या असाव्यात. उरलेल्या थोड्यांसाठी वायूची शक्यता खुली आहे. तिची तपासणी करण्यासाठी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाने स्पेनमध्ये सेव्हिल शहराच्या उत्तरेस स्वयंचलित दुर्बीण बसविली. दोन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी तीच चमक टिपली तरच ती ग्राह्य धरायची, असा तेथे नियम आहे. दोन स्वतंत्र साक्षी असल्याशिवाय निष्कर्ष नाही, हे तत्त्व इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही तितकेच उपयोगी आहे.

केवळ परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात लिहिले म्हणून किंवा सांगणारा थोर म्हणून मानू नका, असा उपदेश बुद्धांनी केसमुत्त गावच्या कालामांना केला. हर्शेल थोर होते, तरी त्यांचे ज्वालामुखी टिकले नाहीत. आणि ते टिकले नाहीत म्हणून हर्शेल यांचे थोरपण कमी झाले नाही. चूक दाखविण्याची मोकळीक ज्ञानात असते, रूढीत ती नसते. ती मोकळीक मिळविण्यासाठी आपल्या सातारकरांनी मोल मोजले आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली, हे आपण विसरू शकत नाही.

ग्रहणाची झोळी आपल्या वस्त्यांतून गेली. ती आपोआप गेली नाही. बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन आपल्या आजी-आजोबांनी ती टाकून दिली, आणि त्यापायी गावचा रोषही पत्करला. तथापि आजही आपल्याच काही घरांत ग्रहणाच्या वेळी गरोदर लेकी-सुनांना अंधाऱ्या खोलीत बसविले जाते, त्यांना भाजी चिरू दिली जात नाही, पाणी पिऊ दिले जात नाही. झोळी टाकली आणि भीती मात्र ठेवली, असे होता कामा नये. पालकांना आमची कळकळीची विनंती आहे की पुढच्या चंद्रग्रहणाला लेकी-सुनांना अंगणात घेऊन या, सर्वांनी मिळून जेवा आणि पृथ्वीची सावली सरकताना पाहा.

माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणे आहे. शाळेस एक साधी आरशाची दुर्बीण द्यावी. आरशाच्या दुर्बिणीत भिंगाचा रंगदोष जवळजवळ नसतो. तिच्याशेजारी एक नोंदवही असेल. चंद्रावर काही वेगळे दिसले तर मुलांनी तारीख, मिनिटापर्यंतची वेळ आणि चंद्राची क्षितिजापासूनची उंची लिहावी. मग शेजारच्या दुसऱ्या उजळ विवरालाही तशीच रंगीत झालर दिसते का ते पाहावे. ती दिसली तर दोष हवेचा आहे असे समजावे. दुसऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याची नोंद न वाचता स्वतःची नोंद करावी. काहीच दिसले नाही तर तेही लिहावे, कारण न दिसल्याच्या नोंदीही तितक्याच मोलाच्या असतात. जुन्या याद्यांत नेमकी त्यांचीच उणीव आहे.

रहिमतपूरच्या उसाच्या शिवारांवर उगवणारा चंद्र साऱ्या जगाचाच आहे. त्याच्याविषयी प्रश्न विचारण्याचा, वेध घेण्याचा आणि मिळालेले उत्तर तपासून पाहण्याचा अधिकार आता आपल्या मुलामुलींचाही आहे. तो त्यांनी रोज वापरावा, एवढीच या प्रसंगी मंगल कामना.

नमो बुद्धाय! जय भीम!